‘ध’चा ‘मा’ आता कोण वाचणार?

पंचवटीच्या घाटावरून गोदावरीच्या काठाकाठाने वरच्या अंगाला गेले की आनंदवल्ली लागते. राघोबादादांचा मुक्काम तिथे असे आणि आनंदीबाईंच्या नावावरून गावाला हे नाव मिळाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यास शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्या खुनाबरोबर एक कथा मराठी घराघरांत शिरली. कागदावर ‘धरावे’ असे लिहिले होते, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, आणि धरायचा तो पोरगा मारला गेला. ही कथा खरी की रचलेली, हा वाद इतिहासकारांचा. तो कागद काही कोणी पुढे आणून दाखवलेला नाही. मला निराळीच गोष्ट नवलाची वाटते. ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण ज्या लिपीत तो ‘ध’ लिहिला गेला असेल, ती लिपी त्या मुलाला, त्याच्या बापाला आणि त्याच्या मास्तरांनाही वाचता येत नाही. उद्या तो कागद कुठल्या फडताळात सापडला, तरी त्यावर ‘ध’ आहे की ‘मा’ आहे हे सांगण्यासाठी आपल्याला जाणकार शोधत हिंडावे लागेल.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली शाळामास्तरीण. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्याही सवडीने, रात्री. तेव्हा भाषाशास्त्राच्या पंक्तीत मी पाट मागत नाही. पण आपल्या समीक्षेत एक मत इतके बिनतक्रार चालते, की त्याची कधीतरी झडती घ्यावी असे पुष्कळ दिवस मनात होते. ते मत असे : लिपी म्हणजे भाषेचा अंगरखा. जुना विटला, नवा शिवला. आतला माणूस तोच.

या मताला आधार नाही असे नव्हे. उत्तम आधार आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले, ते रोमन अक्षरांत. ओवी मराठी, शब्द मराठी, वळण आपल्या संतांच्या ग्रंथांचे, आणि अक्षरे मात्र पोर्तुगीज टोपीवाल्यांची! पुढे ते देवनागरीत आले. त्यात काय बिघडले? वाचणाऱ्याला ओवीची गोडी दोन्हीकडे तीच लागते. आजच्या गोव्यात कोकणी देवनागरीत लिहिणारेही आहेत आणि रोमीत लिहिणारेही. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरीला मान दिला म्हणून रोमीतला तियात्र थांबला नाही. म्हणजे अंगरखा बदलून माणूस जगतो, हे खरेच.

पण किती जगतो आणि काय सोडून जगतो? हे नीट दिसावे म्हणून थोडे लांबचे, पण अगदी ठळक उदाहरण घेते. हिमालयाच्या पलीकडे, काशगर आणि तुर्फानच्या वाळवंटी मुलखात उइगुर नावाची भाषा बोलली जाते. तुर्कीच्या गोतातली ही भाषा. एका भाषेने किती लिप्या नेसाव्यात आणि फेडाव्यात, याची हिच्यापुरती दुसरी कथा मला माहीत नाही. प्राचीन काळी सोग्दी व्यापाऱ्यांच्या अक्षरांपासून या लोकांनी स्वतःची लिपी घडवली. ती वरून खाली लिहीत. त्या वेळी तिथे बौद्ध धर्म नांदत होता, आणि त्या भाषेतले काही ग्रंथ आपल्या ब्राह्मी लिपीतही लिहिलेले सापडले आहेत. म्हणजे आपल्या बाळबोध अक्षरांच्या पणजीने तिकडेही संसार केला होता! चंगीझखानाच्या मोंगलांनी त्यांचीच उइगुर लिपी उचलली आणि मोंगोली भाषा तिच्यात लिहिली. पुढे तो मुलूख इस्लामी झाला आणि अरबी अक्षरे आली. विसाव्या शतकात तर कहरच झाला. सोव्हिएत हद्दीतल्या उइगुरांना आधी लॅटिन आणि मग रशियन अक्षरे मिळाली. चीनच्या हद्दीत १९६५च्या सुमारास लॅटिन अक्षरांवर बेतलेली ‘नवी लिपी’ शाळांतून सुरू झाली आणि १९८२ साली ती काढून अरबी अक्षरे, थोडी दुरुस्त करून, परत आणली गेली. त्या सतराएक वर्षांत ज्यांनी पाटी हातात धरली, ती मुले मधल्यामधे अडकली. आजोबांचे पत्र एका लिपीत, स्वतःची वही दुसऱ्या लिपीत, आणि धाकट्या भावाचे पुस्तक पुन्हा आजोबांच्या लिपीत!

आता कोणी म्हणेल, भाषा तर टिकली ना? हो, त्या उलथापालथीतून टिकली. २०१७ पासून तिथल्या शाळांतून उइगुर माध्यम मागे सारून चिनी आणले गेले, ते संकट निराळे आणि अधिक जिव्हारीचे. लिपी जाणे आणि भाषा जाणे यांत जखम आणि मरण यांच्याइतके अंतर आहे. पण जखम म्हणजे काहीच नव्हे असे ज्याला वाटते, त्याला कधी लागलेले नसावे.

तिकडे हे फर्मानाने झाले. आपल्याकडे फर्मान काढायची गरज पडली नाही. आपली लिपी सोयीसाठी सोडली गेली.

मराठीचा संसार शेकडो वर्षे दोन लिप्यांत चालला होता, हे तरुण वाचकांना आता सांगावे लागते. देवाचे ते बाळबोधीत आणि व्यवहाराचे ते मोडीत, अशी ढोबळ वाटणी होती. पोथी बाळबोध, पत्र, हिशेब, सनद, निवाडा, बखर मोडी. यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात मोडी प्रचारात आणली, अशी परंपरा सांगते. ती परंपरा बाजूला ठेवली, तरी लिपीची घडण पाहूनच तिचे काम कळते. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची, मग बोरू शाईत बुडवून त्या रेघेखाली अक्षरामागून अक्षर वळवीत जायचे; हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. वाक्य संपले म्हणून खूण करायची नाही. इकार एक, उकार एक. ऱ्हस्वदीर्घाची चौकशी नाही. नेहमीचे शब्द पहिल्या अक्षरावर आणि पुढे दोन दंडांवर भागवायचे. घाईची लिपी ती! स्वार दारात उभा आहे, घोडा खूर आपटतो आहे, आणि कारकून लिहितो आहे, असे चित्र तिच्या प्रत्येक ओळीत दिसते.

छापखाना आला आणि ही घाईच तिला भोवली. श्रीरामपूरला विल्यम केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरीत. १८१० साली कोश छापला तो मात्र मोडीचे खिळे पाडून. म्हणजे मोडी छापता येतच नव्हती असे नव्हे. पण एकात एक गुंतलेली, हाताहातागणिक वळण बदलणारी ही अक्षरे शिशात ओतणे जिकिरीचे. देवनागरी सुटी, ठाम आणि संस्कृतालाही चालणारी. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले ते बाळबोधच. छापील मराठी एका वाटेने गेली, हाताची मराठी दुसऱ्या. मोडी कचेरीत, दुकानात आणि प्राथमिक शाळेच्या वर्गात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तग धरून होती. मग शाळेतून गेली, आणि शाळेतून गेलेली गोष्ट एका पिढीत घरातूनही जाते, हे आम्हा मास्तरांना कोणी सांगायला नको.

आता समीक्षेकडे येते. आपण बखरींच्या गद्याची थोरवी गातो. सभासदाची बखर घ्या, भाऊसाहेबांची बखर घ्या. तुटक, ठसठशीत, लहान वाक्ये, एकेक वाक्य घणाच्या घावासारखे, असे आपल्या पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावना सांगतात आणि परीक्षेत मुले तेच लिहून देतात. मीही वर्गात हेच शिकवले जाताना पाहिले आहे. पण आपण जी बखर वाचतो ती कोणी लिहिली? शब्द बखरकाराचे, पण पूर्णविराम कोणाचा? मोडी कागदात तो नव्हता. विरामचिन्हे मराठीत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्या खटपटीने, इंग्रजीच्या नमुन्यावर. १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला आणि काशिनाथ नारायण साने यांच्यासारख्या संपादकांनी बखरी छापून आपल्या हाती दिल्या, हे त्यांचे उपकार न फिटणारे आहेत. पण छापताना अखंड ओळ तोडून शब्द सुटे करावे लागले, वाक्ये थांबवावी लागली, परिच्छेद पाडावे लागले, एका इकाराचे दोन करावे लागले. तेव्हा आपण ज्याला बखरीची शैली म्हणतो, तिच्यात संपादकाचा हात किती आणि बखरकाराचा किती, हे तपासल्याशिवाय त्या शैलीवर निबंध लिहिणे म्हणजे दुसऱ्याने कापून वाढलेल्या फळावरून झाडाच्या आकाराची चर्चा करणे होय.

यावर एक चांगला आक्षेप येऊ शकतो. मराठीत क्रियापद शेवटी येते. तेव्हा बिंदू नसला, तरी ‘केले’, ‘गेले’, ‘जाहले’ म्हटले की वाक्य आपोआप थांबते. आक्षेप रास्त आहे. बखरीचा ठोका सगळाच संपादकाने बसवला, असे मी म्हणत नाही. उलट माझे म्हणणे असे, की तो ठोका कानासाठी होता, डोळ्यांसाठी नव्हता. दरबारातले पत्र धनी स्वतः वाचीत बसत नसे. कारकून वाचून दाखवी. अखंड ओळीत वाट काढणारा वाचकाचा आवाज, हाच त्या गद्याचा पूर्णविराम होता. शब्द कुठे तोडायचा हे जिभेला ठाऊक असे. म्हणून बखर मनातल्या मनात वाचली की कोरडी वाटते आणि मोठ्याने वाचली की अंगावर येते. अखंड मोडी ओळ डोळ्यांसमोर असती, तर ही गोष्ट कोणी सांगावी लागली नसती. छापील पानाने ती झाकून टाकली. अंगरखा बदलल्याने माणूस बदलला नाही, पण त्याची चाल कशी होती ते आपण विसरलो.

दुसरा दाखला महानुभावांचा. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकातले, आपल्या गद्याचा आद्य ठेवा. पण पंथाच्या बाहेर तो शतकानुशतके कोणाला ठाऊक नव्हता. कारण काय? ग्रंथ जळले नव्हते, भाषा मेली नव्हती. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक अक्षरांत लिहून ठेवले होते, आणि त्या अक्षरांची किल्ली मठाबाहेर नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती किल्ली मिळवली, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवातीची प्रकरणे नव्याने लिहावी लागली. ज्या भाषेचा आरंभच एका लिपीच्या कुलपात बंद होऊन पडला होता, त्या भाषेच्या टीकाकारांनी तरी लिपीला अंगरखा म्हणू नये.

इथे माझी एक वाचक मैत्रीण मला अडवील. ती म्हणेल, ‘बाई, मोडीसाठी तुम्ही रडता, पण ती होती कोणाची? कुलकर्ण्याची, कारकुनाची, सावकाराची. शेतकऱ्याला ती कोणी शिकवली होती?’ तिचे म्हणणे सोळा आणे खरे. जुने खत पाहा : मजकूर मोडीत, आणि खाली कुणब्याची सही म्हणून नांगराची निशाणी. वर काय लिहिले आहे ते त्याला कळत नसे. कळत नाही हेच लिहिणाऱ्याचे भांडवल. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो हीच लूट डोळ्यांसमोर ठेवून. बाळबोध अक्षर सुटे, सोपे, छापील. ते शाळेत आले आणि नांगराची निशाणी काढणाऱ्याचा नातू स्वतःचे नाव लिहू लागला. हा लाभ इतका मोठा आहे, की मोडीचे राज्य परत यावे असे मी स्वप्नातही म्हणणार नाही.

पण नियतीचा खेळ पाहा. २०२३ साली सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जुन्या शाळांची रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी, महसुली दप्तरे उघडली गेली. आणि उघडल्यावर कळले, की पुष्कळसा मजकूर मोडीत आहे. मग मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादात मी शिरत नाही. तो या लेखाचा विषय नव्हे. मला दिसतो तो एवढाच देखावा : ज्याच्या खापरपणजोबाला आपल्याच खतातला मजकूर वाचता आला नाही, कारण त्याला कोणी शिकवले नव्हते, तो पदवीधर पणतू त्याच खतापुढे तितकाच निरक्षर उभा आहे, कारण आता कोणालाच शिकवत नाहीत. तेव्हा कुलकर्णी लागत होता, आता जाणकार लागतो. कागद तोच, मिंधेपण तेच.

आमच्या पंचवटीत हे रोज दिसते. रामकुंडावर अस्थी घेऊन लोक लांबून येतात. तीर्थोपाध्यायांच्या घरी वह्या असतात; गाव सांगितले, आडनाव सांगितले की वही निघते आणि तुमचे आजोबा कधी आले होते, बरोबर कोण होते, ते वाचून दाखवले जाते. जुन्या पानांवर मोडी. यात्रेकरू वाकून पाहतो. आपल्याच पणजोबांच्या हातचा तो लेख. पण त्याला दिसतात त्या नुसत्या गाठी. उपाध्याय वाचतात तोवर ठीक. त्यांच्या मुलांनी दुसरा धंदा धरला की काय होईल, हे विचारायला तिथे कोणाला सवड नसते.

घरचेही एक सांगते. आमच्या माळ्यावर एक रुमाल होता. हातरुमाल नव्हे, जुन्या कागदांचे गाठोडे, त्याला रुमालच म्हणत. जहागिरीची सनद असेल अशी दिरांची फार आशा. एका जाणत्या गृहस्थांनी दोन दुपारी बसून ती बाडे वाचली. सनद निघाली नाही. निघाली ती एका लग्नासाठी शेजारून आणलेल्या भांड्यांची यादी : पातेली, पराती, समया, आणि प्रत्येकापुढे परत केल्याची खूण. एका ओळीला मात्र खूण नव्हती. तिथे एक झारी. दीर हिरमुसले, पण माझ्यातल्या कादंबरीकाराला त्या एका ओळीने आठवडाभर झोप येऊ दिली नाही. झारी हरवली? पोचली? का दोन घरांत बोलणे बंद झाले?

माझ्या मते खरा मुद्दा या झारीपाशी आहे. लिपी बदलली की मोठे ग्रंथ मरत नाहीत. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत काढली. सरदेसायांनी पेशवे दप्तरातले वेचे पंचेचाळीस भागांत छापले. राजांना, पेशव्यांना, संतांना लिप्यंतर करणारा कोणी ना कोणी भेटतो. भांड्यांच्या यादीला कोण भेटणार? पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागद कोटींच्या संख्येने आहेत. तंजावरच्या सरस्वती महालातही मोडीची बाडे आहेत. त्यांतला पेशव्याचा कागद आज ना उद्या वाचला जाईल. सामान्य माणूस मात्र त्याच्या हस्ताक्षरातच राहत होता, आणि तो तिथेच बंद झाला. अंगरख्याच्या खिशात त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या. आपण अंगरखा जुना झाला म्हणून फेकला आणि खिसे पाहिले नाहीत.

इलाज फार मोठा नाही. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे संगणकावर ती लिहिता येते. पुराभिलेख खाते आणि काही संस्था मोडीचे वर्ग चालवतात. ज्याला बाळबोध येते त्याला नवी भाषा शिकायची नाही. थोडी चिकाटी आणि रोजचा सराव, एवढेच. शब्द सगळे ओळखीचे, फक्त त्यांच्या चेहऱ्यांवरचा पदर दूर करायचा. गावागावांत एक तरी शिक्षक, एक तरी ग्रंथपाल ही अक्षरे जाणणारा असावा, इतकी माफक मागणी आहे. आणि बखरीवर लिहिणाऱ्या टीकाकाराने मूळ कागदाची एक तरी ओळ डोळ्यांखाली घालावी, ही दुसरी.

तिसरी मागणी वाचकहो, तुमच्याकडे. हा अंक हाती येईल तेव्हा दिवाळीची झाडलोट आटोपली असेल किंवा आटोपत आली असेल. माळ्यावरचे गाठोडे अजून रद्दीवाल्याच्या तराजूत गेले नसेल, तर जाऊ देऊ नका. त्यात सनद नसेल, जहागीरही नसेल. एखादी झारी असेल, आणि ती परत गेली की नाही हे विचारणारे अजून कोणी तरी उरले आहे, हे त्या कागदाला कळू द्या.